पापणीच्या मुळातला माइट : किडा मरतो, तरी आजार का रेंगाळतो?

विषयाचं नाव ऐकल्याबरोबर समोरच्या रांगेत दोघा-तिघांचा हात डोळ्यांकडे गेला, तो आम्ही पाहिला. व्याख्यान संपेपर्यंत आणखी बऱ्याच जणांना खाज सुटेल. त्यात घाबरण्यासारखं काही नाही. फक्त हात आवरता आला तर बरं, कारण डोळे चोळणं हाही आजच्या विषयाचाच एक भाग आहे.

आळंदीत डोळ्यांबद्दल बोलायचं म्हटलं की २०२३ चा जुलै महिना आठवतोच. शाळेतली मुलं एकापाठोपाठ एक लाल डोळे घेऊन घरी येऊ लागली. बघता बघता रुग्णांची संख्या हजारांवर गेली, आरोग्य विभागाची पथकं तपासणीसाठी गावात फिरू लागली, आणि त्याच पावसाळ्यात डोळे येण्याची साथ राज्यभर पसरली. त्या साथीने आपल्याला एक चांगली सवय लावली : डोळा लाल दिसला की हात धुवायचे, रुमाल वेगळा ठेवायचा, शाळेत पाठवायचं नाही. पण त्याबरोबर एक समजही पक्का झाला, की डोळा लाल म्हणजे डोळे आले, आणि आठ दिवस थेंब घातले की काम झालं.

आज आम्ही ज्या आजाराबद्दल बोलणार आहोत त्याची चाल अगदी उलटी आहे. तो एका रात्रीत येत नाही आणि आठ दिवसांत जात नाही. पापण्यांच्या कडा लालसर राहतात, सकाळी उठल्यावर खाज येते, केसांच्या मुळाशी कोंड्यासारखं काहीतरी दिसतं, दोन-चार महिन्यांनी एखादी रांजणवाडी उठते. थेंब घातले की बरं वाटतं, थांबवले की पुन्हा तेच. माणूस तीन मेडिकल आणि दोन डॉक्टर बदलतो आणि शेवटी म्हणतो, "माझे डोळेच असे आहेत." यातल्या बऱ्याच जणांच्या पापण्यांच्या मुळाशी एक सूक्ष्म जीव जास्त संख्येने झालेला असतो. त्याचं नाव डेमोडेक्स.

आज आम्हाला मुख्य गोष्ट सांगायची आहे ती अशी : हा जीव मारण्यापेक्षा त्याच्या वाढीवर पुरेसे दिवस, न कंटाळता दाब ठेवणं जास्त अवघड आहे. उपचार फसतात ते बहुतेक वेळा तिथेच. तसं का होतं, ते क्रमाने पाहू.

हा जीव आहे तरी कोण?

माइट म्हणजे कोळ्यांच्या आणि गोचिडांच्या नात्यातला, आठ पायांचा बारीक जीव. शेतकरी मंडळींना पिकावरचा लाल कोळी माहीत आहे, जनावरांवरची गोचीड माहीत आहे. खरूज होते तीही एका माइटमुळेच. डेमोडेक्स याच मोठ्या घराण्यातला. लांबट, अळीसारखं शरीर, पुढच्या बाजूला आखूड पायांच्या चार जोड्या. लांबी एका मिलिमीटरच्या तिसऱ्या हिश्श्याएवढी, म्हणून नुसत्या डोळ्यांना तो दिसत नाही.

माणसाच्या अंगावर याच्या दोन जाती राहतात. पहिली डेमोडेक्स फॉलिक्युलोरम. ही पापणीच्या केसाच्या खोबणीत, डोकं खाली आणि शेपूट वर अशी बसते. एका केसाच्या मुळाशी कधी कधी चार-पाच जण दाटीवाटीने असतात. दुसरी डेमोडेक्स ब्रेव्हिस. ही आकाराने लहान आणि जास्त खोल जाणारी. पापणीत ज्या तेलाच्या ग्रंथी असतात, त्यांना मेबोमियन ग्रंथी म्हणतात, त्यांच्यात ही शिरते. 'एक मुळात आणि एक ग्रंथीत' हे लक्षात ठेवा, उपचारांच्या वेळी लागणार आहे.

हा जीव काही नवा नाही. १८४१ आणि १८४२ साली जर्मनीतल्या याकोब हेन्ले आणि गुस्ताव सिमोन या संशोधकांनी त्याची नोंद केली. १८४३ मध्ये इंग्लंडच्या रिचर्ड ओवेन यांनी त्याला डेमोडेक्स हे नाव दिलं. ग्रीक भाषेतून घेतलेल्या या नावाचा अर्थ साधारण 'चरबी पोखरणारी अळी' असा होतो.

याचं आयुष्य लहान असतं. अंड्यातून बाहेर येणं, वाढणं, जोडी जमणं, अंडी घालणं आणि मरणं, हे सगळं दोन ते तीन आठवड्यांत उरकतं. उजेड त्याला मानवत नाही. दिवसा तो मुळात दडून राहतो, रात्री आपण झोपल्यावर वर येतो, जोडी जमवतो आणि परत आत जातो. सकाळी उठल्यावर खाज जास्त जाणवते, त्याचा संबंध याच्याशी जोडला जातो.

सगळ्यांकडे असतो, मग आजार काहींनाच का?

इथे पहिला घोटाळा होतो. डेमोडेक्स हा वयाबरोबर वाढत जाणारा रहिवासी आहे. लहान मुलांत तो फारसा सापडत नाही, साठी-सत्तरीच्या पुढे बहुतेकांच्या अंगावर सापडतो. यातल्या पुष्कळ जणांना काहीच त्रास नसतो. म्हणजे माइट सापडला, एवढ्यावरून आजार आहे असं म्हणता येत नाही. संख्या वाढली, पापणीच्या कडेला सूज आली, केसांच्या मुळाशी खुणा दिसल्या, माणसाला त्रास होतोय, हे सगळं जुळलं की मग आपण म्हणतो, हा डेमोडेक्समुळे झालेला पापण्यांचा दाह. डॉक्टरी भाषेत ब्लेफरायटिस.

दाह होतो कसा? एक म्हणजे केसाच्या खोबणीत या जिवांची गर्दी झाली की तिथल्या पेशी डिवचल्या जातात आणि जास्त वाढतात. दुसरं, यांच्या अंगावर आणि अंगात जिवाणू असतात, मेल्यावर त्यांचं सगळं तिथेच पडतं आणि आपलं शरीर त्याच्याविरुद्ध चिडून उठतं. तिसरं, ग्रंथीत शिरलेली लहान जात तेलाची वाट अडवते. ते तेल अश्रूंवर पातळ थर धरून त्यांना लवकर वाळू देत नाही. तेल कमी पडलं की डोळा कोरडा पडतो, चुरचुरतो, मध्येच धूसर दिसतं आणि पापण्या मिचकावल्या की साफ होतं. तेल आत साचलं की पापणीत गाठ येते.

बऱ्याच जुन्या लेखांत तुम्ही वाचलं असेल, की या माइटला गुदद्वार नसतं, आयुष्यभराची घाण तो मरताना एकदम सोडतो. ही गोष्ट सांगायला चटपटीत आहे, पण २०२२ मध्ये त्याच्या जनुकांचा आणि शरीररचनेचा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात गुदद्वार असल्याचं दिसलं. तेव्हा ती गोष्ट आता सोडून द्यायला हरकत नाही.

अडचण पहिली : ओळखच होत नाही

या आजाराची सगळ्यात भरवशाची खूण म्हणजे केसाच्या मुळाशी गुंडाळलेली पारदर्शक, मेणासारखी नळी. बांगडी मनगटावर बसते तशी ती केसाभोवती बसलेली असते. साध्या तेलकट कोंड्याचे कण केसाच्या लांबीवर कुठेही चिकटलेले असतात. जिवाणूंमुळे झालेल्या दाहात खपल्या कडक असतात, ओढल्या तर खालून रक्त येतं. मुळाशी बसलेली नळी मात्र जवळजवळ डेमोडेक्सचीच सही आहे.

आता गंमत बघा. डोळे तपासताना डॉक्टर म्हणतात, "समोर बघा." समोर बघितलं की वरच्या पापणीचे केस वर उचललेले राहतात आणि मुळं नीट दिसत नाहीत. "खाली बघा" म्हटलं की वरच्या पापणीची कड उघडी पडते आणि स्लिट लॅम्पखाली या नळ्या ओळीने दिसतात. दोन सेकंदांचं काम आहे. पण ओपीडीत शंभर माणसं रांगेत असताना आणि तक्रार 'डोळा लाल आहे' एवढीच असताना ते राहून जातं. खात्री करायचीच असेल तर एक-दोन केस काढून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, पण बहुतेक वेळा त्याची गरज पडत नाही.

म्हणून आमची विनंती अशी. 'डोळे आले' असं पुन्हा पुन्हा ऐकत असाल, तर डॉक्टरांना एवढंच सांगा : "हे तीन महिन्यांपासून आहे, दोन्ही डोळ्यांना आहे, खाज पापणीच्या कडेला आहे, एकदा पापण्यांची मुळं बघता का?" डोळे येतात तेव्हा पाणी, चिकटपणा, लाली हे सगळं एकदम येतं, घरात दुसऱ्याला होतं आणि एक-दोन आठवड्यांत निवळतं. पापणीचा दाह रेंगाळतो. हा काळाचा फरक तुम्हीच सांगू शकता, कारण यंत्राला तो दिसत नाही.

अडचण दुसरी : साध्या स्वच्छतेला तो दाद देत नाही

२००५ साली प्रसिद्ध झालेला एक प्रयोग या विषयात फार महत्त्वाचा मानला जातो. संशोधकांनी पापणीच्या केसांवरचे जिवंत डेमोडेक्स काढले आणि वेगवेगळ्या द्रावणांत ठेवून ते किती वेळ हालचाल करतात ते मोजलं. दहा टक्के पोव्हिडोन आयोडीनमध्ये ते १५० मिनिटांहून जास्त वेळ जगले. पंचाहत्तर टक्के अल्कोहोलमध्ये तेच. निम्मं पाणी घातलेल्या बेबी शॅम्पूतही तेच. शुद्ध टी ट्री तेलात मात्र पंधरा मिनिटांच्या आत मेले.

म्हणजे जखम ज्या औषधाने धुतात, हात ज्याने निर्जंतुक करतात, त्यात हा जीव अडीच तास तग धरतो. मग पापणी धुण्याचा उपयोग काय? उपयोग आहे. धुण्याने कोंडा आणि नळ्या निघतात, तेल साचत नाही, जिवाणू कमी होतात, बाहेर आलेले माइट पुसले जातात. पण मुळात बसलेल्याला आणि ग्रंथीत शिरलेल्याला त्याने धक्का लागत नाही. म्हणून नुसती स्वच्छता सुरू केली की त्रास निम्म्यावर येतो आणि तिथेच अडतो.

अडचण तिसरी : जो मारतो, तो डोळ्यालाही सोडत नाही

टी ट्री तेलाचा आपल्या चहाशी काही संबंध नाही. ऑस्ट्रेलियातल्या मेलाल्युका नावाच्या झाडाच्या पानांपासून ते काढतात. २०१३ च्या अभ्यासात असं दिसलं, की त्यातला टर्पिनेन-४-ऑल हा घटक माइटवर सगळ्यात जास्त काम करतो. म्हणून आता पापण्या पुसायच्या तयार वाइप्समध्ये तो घटक किंवा पातळ केलेलं तेल वापरतात.

पण शुद्ध तेल डोळ्यात गेलं तर बुबुळाला इजा होते, आग होते. प्रयोगशाळेत तर या घटकाने मेबोमियन ग्रंथींच्या पेशींवरही वाईट परिणाम झाल्याचं दिसलंय, म्हणजे ज्या ग्रंथी वाचवायच्या त्यांच्यावरच. २०२० मध्ये कॉक्रेन या संस्थेने सहा चाचण्यांचा, एकूण ५६२ रुग्णांचा आढावा घेतला. निष्कर्ष असा निघाला, की टी ट्री तेलाचा थोड्या काळासाठी किती फायदा होतो याबद्दल खात्रीने सांगता येत नाही, आणि वापरायचंच तर कमी तीव्रतेचं वापरलेलं बरं.

ऑनलाइन मागवलेली सुगंधी तेलाची बाटली उघडून कापसाने पापणीला लावणं, हे कृपा करून करू नका. बाटलीत तेल किती तीव्र आहे, किती जुनं आहे, कशात मिसळलं आहे, ते तुम्हाला कळत नाही. तीच गोष्ट मध, तूप, एरंडेल, गुलाबपाणी डोळ्यात घालण्याची. ते निर्जंतुक नसतात. आणि गावोगावी डोळ्यातले, दातातले किडे 'काढून दाखवणारे' असतात, त्यांच्या हातात जो किडा दिसतो तो डेमोडेक्स नव्हे. डेमोडेक्स कोणाला हातावर घेऊन दाखवताच येत नाही.

अडचण चौथी : लवकर बरं वाटणं

मेडिकलमधून आणलेल्या काही थेंबांत अँटिबायोटिकबरोबर स्टेरॉइड असतं. घातलं की दोन दिवसांत लाली जाते, खाज थांबते. माणूस खूश होतो, बाटली जपून ठेवतो, पुढच्या वेळी परत तीच घालतो. स्टेरॉइडने दाह दबतो, माइट दबत नाही. उलट तिथली शरीराची राखण सैल पडते. वर्षानुवर्षं असं चाललं तर डोळ्यातला दाब वाढून काचबिंदू होऊ शकतो, मोतीबिंदू लवकर येऊ शकतो. काचबिंदूने गेलेली नजर परत येत नाही. खाजेच्या उपचारात नजर गमावणं, हे या विषयातलं सगळ्यात मोठं नुकसान आहे आणि ते पूर्णपणे टाळता येण्यासारखं आहे. डॉक्टर गरज पडली तर स्टेरॉइड देतात, पण मोजक्या दिवसांसाठी आणि दाब तपासत.

अ‍ॅझिथ्रोमायसिन, डॉक्सिसायक्लिन ही औषधंही दिली जातात. ती जिवाणूंवर आणि दाहावर काम करतात आणि तेल पातळ राहायला मदत करतात. माइट मारण्याचं काम त्यांचं नाही.

अडचण पाचवी : औषधाचे दिवस आणि माइटचे दिवस

आयव्हरमेक्टिन हे नाव कोरोनाच्या काळात घरोघरी पोचलं. मूळ औषध परजीवींवरचं. त्याच्या शोधासाठी सातोशी ओमुरा आणि विल्यम कॅम्पबेल यांना २०१५ चं नोबेल मिळालं. हट्टी डेमोडेक्समध्ये काही डॉक्टर ते वजनाच्या हिशोबाने देतात, आणि एका आठवड्याने दुसरा डोस देतात. दुसरा डोस का? कारण अंडी शिल्लक राहतात. ती फुटून पिल्लं बाहेर आली की त्यांच्यासाठी दुसरा वार लागतो. हे औषध या आजारासाठी खास मान्यता मिळालेलं नाही. गरोदर बायकांना आणि लहान मुलांना ते देत नाहीत. म्हणून स्वतःहून गोळी घ्यायची नाही.

या आजारावरचं पहिलं मान्यताप्राप्त औषध अमेरिकेत जुलै २०२३ मध्ये आलं. योगायोग बघा, आळंदीत डोळ्यांची साथ होती तोच महिना. औषधाचं नाव लोटिलानेर. कुत्र्यांच्या पिसवा आणि गोचिडांसाठी जी गोळी देतात, तिच्यातलाच हा घटक. डोळ्यासाठी त्याचे पाव टक्क्याचे थेंब केले आहेत. ते माइटच्या चेतासंस्थेतला एक मार्ग बंद करून त्याला लुळा पाडतात. दिवसातून दोनदा, सहा आठवडे घालायचे. आणि आत्ताच सांगून ठेवतो, कुत्र्याची गोळी कुटून डोळ्यात घालण्याचा विचारही कोणी करू नका.

सहा आठवडे का, ते आता तुम्हाला कळलं असेल. माइटचं एक आयुष्य दोन ते तीन आठवड्यांचं. सहा आठवड्यांत निदान दोन पिढ्या औषधाच्या कक्षेत येतात. आज अंड्यात असलेलाही त्या मुदतीत बाहेर येतो आणि सापडतो.

या औषधाच्या दोन मोठ्या चाचण्या झाल्या, मिळून ८३३ रुग्ण. सहा आठवड्यांनंतर केसांच्या मुळाशी नळ्या जवळजवळ नाहीशा झालेले रुग्ण पहिल्या चाचणीत ४४ टक्के होते आणि दुसरीत ५६ टक्के. ज्यांना औषध नसलेले थेंब दिले होते त्यांच्यात हेच प्रमाण ७ आणि १३ टक्के. फरक मोठा आहे. पण दुसऱ्या बाजूने वाचा : सगळ्यात चांगलं औषध, सहा आठवडे नियमाने घालूनही जवळपास निम्म्या लोकांच्या पापण्या पूर्ण साफ झाल्या नाहीत. आणि पापणीची लाली पूर्ण गेलेले रुग्ण त्याहून कमी, दुसऱ्या चाचणीत ३१ टक्के. माइट गेला तरी सुजलेली कड निवळायला वेळ लागतो, अडलेल्या ग्रंथी मोकळ्या व्हायला वेळ लागतो. आजच्या शीर्षकातल्या प्रश्नाचं उत्तर इथे आहे.

म्हणून उपचार सुरू करतानाच डॉक्टर आणि रुग्ण यांचं एक बोलणं व्हायला हवं. 'कायमचा नायनाट' हे उद्दिष्ट ठेवलं तर दोघंही निराश होतात. संख्या कमी करायची, त्रास घालवायचा आणि ती पातळी टिकवायची, हे उद्दिष्ट गाठता येतं. रक्तदाबाचं आपण जसं करतो, तसंच हे.

घरी काय करायचं?

आपल्या भागातल्या बहुतेक रुग्णांचा उपचार अजूनही शेक, स्वच्छता आणि डॉक्टरांनी दिलेलं औषध यांवरच चालतो. तेव्हा ते नीट करूया.

आधी शेक. स्वच्छ कापड कोमट पाण्यात बुडवून पिळायचं, मिटलेल्या पापण्यांवर पाच ते दहा मिनिटं ठेवायचं. कापड लवकर निवतं, म्हणून मध्ये दोन-तीनदा पुन्हा बुडवायचं. मनगटाच्या आतल्या बाजूला लावून बघायचं, चटका बसता कामा नये. याने ग्रंथीतलं घट्ट झालेलं तेल पातळ होतं. मग स्वच्छ बोटाने हलका दाब देत वरची पापणी वरून खाली आणि खालची पापणी खालून वर अशी कडेच्या दिशेने चोळायची. त्यानंतर डॉक्टरांनी सांगितलेल्या वाइपने किंवा द्रावणाने केसांच्या मुळाशी आडवं पुसायचं. लोक पापणीचं कातडं पुसतात आणि मूळ तसंच ठेवतात. पुसायचं आहे ते मूळ. प्रत्येक डोळ्याला वेगळा कापूस किंवा वेगळी वाइप.

हे सकाळ-संध्याकाळ करायचं. चाकणच्या कारखान्यांत पाळीवर जाणाऱ्या मंडळींची इथे अडचण होते. एक आठवडा पहिली पाळी, पुढचा आठवडा रात्रपाळी, मग 'सकाळ-संध्याकाळ' म्हणजे नक्की कधी? घड्याळ सोडून द्या. 'झोपून उठल्यावर आणि झोपायच्या आधी' असं ठरवा. पाळी कुठलीही असो, माणूस झोपतो आणि उठतो. रस्त्यावरच्या धुळीत दुचाकीवरून येताना हेल्मेटची काच खाली ठेवा. धुळीतून डेमोडेक्स येत नाही, पण धुळीने डोळा चुरचुरला की आपण चोळतो, आणि आधीच सुजलेली कड आणखी सुजते.

कॅलेंडरवर सहा आठवड्यांनंतरच्या तारखेला खूण करा. दुसऱ्या-तिसऱ्या आठवड्यात बरं वाटायला लागतं आणि तिथेच बहुतेक जण थांबतात. खूण त्यांच्यासाठी आहे. सहा आठवडे झाले की पुन्हा दाखवायचं आणि पुढे दिवसातून एकदा स्वच्छता चालू ठेवायची.

श्रोत्यांचे काही प्रश्न

*वसतिगृहात, धर्मशाळेत आम्ही एका खोलीत दहा-बारा जण राहतो. एकाला असेल तर सगळ्यांना होईल का?*

डोळे येण्यासारखा तो झपाट्याने पसरत नाही. तो जातो जवळच्या स्पर्शातून, आणि आधी सांगितलं तसं, मोठ्या माणसांच्या अंगावर तो बहुधा असतोच. शरीराबाहेर तो फार काळ टिकत नाही. म्हणून कोणाला खोलीबाहेर काढायचं कारण नाही. टॉवेल आणि उशीची खोळ मात्र ज्याची त्याची वेगळी असावी आणि उपचार चालू असताना दर आठवड्याला गरम पाण्यात धुवावी. हा नियम डोळे येण्यापासूनही वाचवतो.

*आमच्या मुलीचा लग्नात मेकअप झाल्यावर पापण्या सुजल्या. तो हाच आजार का?*

आळंदीत मंगल कार्यालयं किती आहेत ते तुम्हाला सांगायला नको, म्हणून प्रश्न रास्त आहे. मेकअपनंतर लगेच आलेली सूज बहुतेक वेळा अ‍ॅलर्जी असते, आणि ती दाखवून घ्यावी. पण काजळ, मस्कारा, चिकटवलेल्या पापण्या यांनी मुळाशी थर बसतो, ग्रंथींची तोंडं झाकली जातात, आणि दुखेल म्हणून माणूस पापण्या धुवायचं टाळतो. दाह असणाऱ्यांनी उपचाराच्या काळात हे सगळं बंद ठेवावं. काजळाची डबी आणि मस्काराची कांडी दुसऱ्याला देऊ नये, दुसऱ्याची घेऊ नये, जुनी टाकून द्यावी.

*घरात कुत्रा आहे. त्याच्याकडून येतो का?*

कुत्र्यांचा डेमोडेक्स वेगळ्या जातीचा. तो कुत्र्यावर राहतो, आपला आपल्यावर. कुत्र्याला दोष देऊ नका.

*वडिलांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलंय. त्यांच्या पापण्यांना कोंडा आहे. चालेल का?*

आधी सर्जनना दाखवा. पापण्यांचा दाह असताना अश्रूंचा थर बिघडलेला असतो, त्यामुळे भिंगाचा नंबर काढताना मोजमाप चुकू शकतं, आणि कडेवरचे जिवाणू ऑपरेशनच्या दृष्टीने धोक्याचे. घाईचं कारण नसेल तर बरेच सर्जन आधी काही आठवडे पापण्यांचा उपचार करतात. तारीख पुढे गेली म्हणून नाराज होऊ नका, ती तुमच्या फायद्यासाठी आहे.

*हे अंगावर काढलं तर काय होईल?*

बहुतेकांना त्रासच होत राहील, पापण्यांचे केस गळतील, वाकडे वाढून बुबुळाला घासतील. काहींच्या बुबुळाच्या कडेला जखम होऊ शकते. काही खुणा मात्र लगेच दाखवण्याच्या आहेत : डोळा दुखणं, उजेड सहन न होणं, नजर कमी होणं, बुबुळावर पांढरा ठिपका दिसणं. आणि एक खूण वयस्कर मंडळींनी विशेष लक्षात ठेवावी. एकाच पापणीवर, त्याच जागी पुन्हा पुन्हा गाठ येत असेल, आणि तिथले केस गळले असतील, तर ती साधी गाठ समजू नका. पापणीतल्या तेलग्रंथींचा एक कर्करोग असाच वेष घेऊन येतो, आणि पाश्चात्त्य देशांपेक्षा आपल्याकडे त्याचं प्रमाण जास्त आहे. अशा गाठीचा तुकडा तपासायला पाठवलाच पाहिजे.

*दाखवायचं कुठे?*

सुरुवात गावातल्या ग्रामीण रुग्णालयापासून करा. तिथून गरज पडली तर पिंपरीचं वायसीएम आहे, पुण्याचं ससून आहे, डोळ्यांची धर्मादाय रुग्णालयं आहेत. जाताना घरात पडलेल्या सगळ्या थेंबांच्या बाटल्या पिशवीत घालून न्या, अर्धवट वापरलेल्यासुद्धा. कुठल्या बाटलीत स्टेरॉइड आहे, ते डॉक्टरांना पाच मिनिटांत कळेल आणि निम्मा उपचार तिथेच ठरेल. आणि तपासताना डॉक्टर "समोर बघा" म्हणाले, की समोर बघून झाल्यावर एकदा खालीही बघा.

वेळ झाली आहे, इथेच थांबू. ज्यांना आत्ता प्रश्न विचारता आले नाहीत, त्यांनी बाहेर भेटावं.